पोफळीकाकांची पेशी

दत्तात्रय पोफळी हे आमच्या कॉलेजातले सगळ्यांत खालच्या हुद्द्याचे शास्त्रज्ञ. कागदोपत्री त्यांचं पद 'प्रयोगशाळा परिचारक'. म्हणजे काचसामान धुवायचं, फ्रीज पुसायचा, पाहुणे आले की पाण्याचे ग्लास न्यायचे. शास्त्रज्ञ हे पद त्यांनी स्वतःच स्वतःला दिलं होतं आणि एकतीस वर्षांत कोणी ते काढून घेतलं नव्हतं, कारण दिल्याचंच कोणाला कळलं नव्हतं.

मी स्वरदा. मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. केली. तशी माझ्या फॉर्मवर गाईड मॅडमची सही आहे. पण मॅडम महिन्यातले वीस दिवस भोपाळच्या हबीबगंजहून (स्टेशनच्या पाटीवर आता काहीही असो, आम्ही हबीबगंजच म्हणतो) दिल्लीची गाडी पकडून मीटिंगला जायच्या आणि उरलेले दहा दिवस मीटिंगचा शीण काढायच्या. फ्लास्क हातात कसा धरायचा हे मला पोफळीकाकांनी शिकवलं.

चहातली फ्लॅव्होनॉइड्स पेशीच्या पटलातल्या मेदाशी कशी वागतात, हा माझा विषय. घरी सांगितल्यावर आई म्हणाली, "चहावर पीएच.डी. देतात? मग मला तर आजवर कुलगुरूच करायला हवं होतं." काकांनी मात्र विषय ऐकून हातातली बाटली खाली ठेवली आणि विचारलं, "कोणत्या मेदाशी?"  तिथून आमचं जमलं.

काका मूळ आर्वीचे. बी.एस्सी.ला रसायनशास्त्रात दोनदा सणसणीत आपटले आणि मामांच्या ओळखीने भोपाळला येऊन चिकटले. मामा नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इकडे आलेले. पुढे सोनागिरीत घर, कुसुमकाकूंशी लग्न, एक मुलगी, तिचं लग्न, सगळं रीतसर झालं. हिंदी इतकी सफाईदार की भाजीवाल्याशी भांडण कधी हरले नाहीत. पण आर्वीच्या शाळेत शिकलेलं शास्त्र त्यांनी मराठीतच जपून ठेवलं होतं, आणि तिथे ते कोणाच्या बापाचं ऐकत नसत. आमच्याकडे पेशीला सगळे हिंदीतलं 'कोशिका' म्हणत. काकांना तो शब्द ऐकला की ठसका लागायचा.

"कोशिका म्हणजे काय वं? कोणाच्या पोरीचं नाव वाटते. पेशी म्हणावं. पेशी!"

आता पंचाईत अशी, की हिंदीत पेशी म्हणजे साहेबापुढची किंवा कोर्टापुढची हजेरी. अशोका गार्डन या आमच्या वसाहतीत शेजाऱ्यांची एका भिंतीवरून अठरा वर्षं पेशी चालू आहे, त्यामुळे हा अर्थ मला बालवाडीपासून ठाऊक. शिपाई चौकसे तर पहिल्या महिन्यात हादरूनच गेले. "बिटिया, पोफळी साब की रोज-रोज पेशी होती है? किया क्या है इन्होंने?" काकांनी त्यांना धरून आणलं, फ्लास्क दाखवला आणि म्हणाले, "ये है पेशी." चौकसेंनी हात जोडले. दोन वर्षांत काकांनी सगळा मजला बाटवला. जिन्यात लोक मला विचारायचे, "पेशी बनी क्या?" आणि मीही हो म्हणून पुढे जायचे.

खरं तर ती पेशी नव्हतीच. ती पेशीची रिकामी पिशवी. पेशीचं पटल हे मेदाच्या रेणूंचं दुहेरी अस्तर असतं. पाण्याशी पटणारी डोकी दोन्ही बाजूंनी बाहेर, तेलकट शेपट्या आत. "घडीची पोळी," असं काका म्हणायचे, "तेल आत, पीठ बाहेर." तशा बारीक बारीक पिशव्या आम्ही सोयाबीनच्या लेसिथिन नावाच्या मेदापासून करायचो. मध्य प्रदेशात सोयाबीनला तोटा नाही. लेसिथिन क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचं, गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये घ्यायचं, कोमट पाण्यात फ्लास्क फिरवत राहायचं. क्लोरोफॉर्म उडून जातो आणि काचेला आतून पातळ थर बसतो. मग पाणी घालून हलवलं की थर सुटतो आणि आपला आपण गुंडाळून त्याच्या पिशव्या होतात.

फ्लास्क फिरवायचं यंत्र आमच्याकडे होतं. चार वर्षं ते 'दुरुस्तीसाठी प्रस्तावित' होतं. म्हणून काका हाताने फिरवायचे. एका हातात फ्लास्क, दुसऱ्या हातात नायट्रोजनची नळी, तोंडाने अखंड राजकारण. पण थर असा बसायचा की फ्लास्क रिकामा आहे असं वाटून गाईड मॅडमनी एकदा तो बेसिनमध्ये विसळून टाकला. मी फिरवला की आत ओघळ यायचे, डाग यायचे, एकदा तर चक्क मध्य प्रदेशचा नकाशा आला. "छान आहे," काका म्हणाले, "छत्तीसगड वेगळं झालं वाटते. पुन्हा कर."

त्या पिशव्यांवर आम्ही चहा सोडायचो. अशोका गार्डनच्या किराणा दुकानातली सुटी पत्ती, डब्यातला हिरवा चहा, आणि चौकसेंच्या आग्रहाखातर जुन्या शहरातला मीठ घातलेला चहासुद्धा. हिरव्या चहात कॅटेचिन नावाची फ्लॅव्होनॉइड्स भरपूर. त्यांतली साधी असतात ती पटलाला शिवून परत जातात. पण ज्यांना गॅलेट नावाच्या तुकड्याचा जोड असतो ती डोक्यांच्या ओळीत घुसून ठिय्या देतात. फार झाली की पटल गळायला लागतं, पिशव्या एकमेकींना चिकटतात आणि धुकट पाण्याचा दाणेदार गाळ होतो. दूध घातलेल्या चहात हे फारसं होत नाही, कारण दुधातली प्रथिनं त्यांना आधीच धरून बसवतात.

तो गाळ पहिल्यांदा पाहिला त्या संध्याकाळी काकांनी चहा सोडला. कायमचा! मी परोपरीने समजावलं, की काका, नळीतला अर्क फार दाट असतो, पोटातून रक्तात त्यातला कणभरच पोचतो, उलट तो कदाचित पेशीची राखणच करत असेल. काका म्हणाले, "तू तुझा प्रबंध लिही. माह्या पेशी मी पाहून घेतो." कुसुमकाकूंनी मला फोनवर झापलं. घरी सकाळी एकट्या माणसासाठी चहा टाकायचा म्हणजे काय असतं ते तुला कळायचं नाही, म्हणाल्या. तेव्हा हे लक्षात असू द्या, की आमच्या अख्ख्या इमारतीत चहा न पिणारा माणूस एकच होता.

त्या डिसेंबरात काकांनी आयुष्यातला पहिला अर्ज केला. त्याआधीचे सगळे रजेचे, ते धरत नाही. फेब्रुवारीतल्या विज्ञान दिनाला प्राध्यापक आणि शोधार्थी, म्हणजे आम्ही पीएच.डी.वाले, आपापले प्रयोग मांडतात. काकांनी लिहिलं, की निवृत्तीला आठ-नऊ महिने उरले आहेत, 'पेशी पर चाय का प्रभाव' हा प्रयोग मला स्वतःला मांडू द्यावा. त्याआधी विज्ञान दिनाच्या समितीने एकदा पाहून घ्यावा. अर्जाला उत्तर आलं नाही. काका रोज चौकसेंना विचारायचे, "पेशी का कुछ हुआ?" चौकसे म्हणायचे, "ऊपर है साब."

जानेवारीच्या बारा तारखेला मी गाढवपणा केला.

प्रयोगशाळेत खाणंपिणं बंद, हा नियम दारावर लाल अक्षरांत लिहिला आहे. या शहरात रसायनांच्या सुरक्षेची कोणी चेष्टा करत नाही आणि करूही नये. पण थंडी होती, नमुन्यासाठी केलेला चहा उरला होता आणि बीकर अगदी नवा कोरा होता. मी त्यात दूध घातलं. बिस्कीट बुडवलं. ते मोडून तळाशी गेलं. तेवढ्यात झेरॉक्सवाल्याचा फोन आला म्हणून मी खाली गेले, आणि वर सुरक्षा समितीची फेरी आली.

पुढचं चौकसेंनी सांगितलं. समितीतल्या एकाने बीकर उचलून विचारलं, "यह क्या है?"

काका म्हणाले, "नमूना है, सर."

"और नीचे बिस्कुट?"

"वह भी," काका म्हणाले.

मी वर आले तेव्हा काका तो बीकर घासत होते. मी म्हटलं, मी जाऊन सांगते. ते म्हणाले, "काही नको. त्यांनी वहीत लिहिलं आणि गेले. अशा वह्या कोणी उघडत नाही." शोधार्थी सापडला तर सहा महिने नोंदणी बंद, हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी गप्प बसले आणि दोन आठवड्यांत विसरूनही गेले.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी चौकसे कागद घेऊन आले. सहीची चिठ्ठी पुढे करत म्हणाले, "लो साब, आ गई आपकी पेशी." कागदावर एवढंच होतं: श्री दत्तात्रय पोफळी की पेशी, गुरुवार, ग्यारह बजे, समिति कक्ष. काकांनी तो दोनदा वाचला. मग मला दिला. मी भोपाळात जन्मलेली, भिंतीवाल्या शेजाऱ्यांच्या शेजारी वाढलेली मुलगी, मीही वाचला. आणि मलाही तो फ्लास्कच दिसला. दोन वर्षांत काकांनी माझ्या डोक्यातला तो दुसरा अर्थ पार धुऊन टाकला होता. चौकसेंना काय दिसलं देव जाणे. ते पेढे मागत होते.

गुरुवारी काका मुलीच्या लग्नातला सफारी घालून आले. कुसुमकाकूंनी खिशात रुमालाची घडी दिली होती. पहाटे सहाला येऊन त्यांनी पिशव्या ताज्या केल्या होत्या. दोन नळ्या पिशव्यांच्या, एकीत नुसतं पाणी सोडायचं, दुसरीत बिनदुधाचा चहा. मी नळ्यांचं स्टँड घेतलं, काकांनी चहाची बाटली. थोडक्यात, आरोपी मुद्देमाल स्वतःच्या हातांनी वाहून घेऊन चालला होता.

आत तिघं होते. अध्यक्ष श्रीवास्तव मॅडम, वाणिज्य विभागाच्या. भूगोलाचे दुबे सर. आणि एक तिसरे, जे शेवटपर्यंत मोबाइलमध्येच राहिले. काकांनी नमस्कार करून चहाची बाटली थेट मॅडमच्या फाइलीशेजारी ठेवली.

"यह क्या है?" मॅडमनी विचारलं.

"पेशी, मैडम."

"वह तो हमें पता है. यह क्या है?"

"यही पेशी है."

मॅडमनी दुबे सरांकडे पाहिलं. दुबे सर सज्जन माणूस. ते म्हणाले, "पोफळी जी, आप बचाव में कुछ दिखाना चाहते हैं?"

"बचाव तो दूध करता है, सर," काका खुलून म्हणाले. "दूध का प्रोटीन चाय को पहले ही पकड़ लेता है. बिना दूध की हो तो बचाव नहीं है."

"मतलब आप मानते हैं कि चाय थी?"

"चाय के बिना पेशी कैसे होगी, सर?"

मला हसू यायला लागलं होतं. काका केवढे सुंदर बोलत होते! त्यांनी नळी उचलली, त्यात बाटलीतला चहा थेंब थेंब सोडला, आणि दुहेरी अस्तर, आतल्या शेपट्या, बाहेरची डोकी, सगळं हिंदीत सांगायला लागले. पटलाला 'झिल्ली' हा हिंदी शब्दसुद्धा त्यांनी वापरला. समितीच्या मानापोटी तत्त्व सोडलं होतं माणसाने.

मॅडमनी फाइल उघडून वाचलं, "बारह जनवरी, मेज क्रमांक तीन. एक बीकर में चाय. तल में बिस्कुट."

काका थांबले. नळी त्यांच्या हातात तशीच राहिली. मग त्यांनी ती सावकाश स्टँडमध्ये खोचली, आणि सफारीचं वरचं बटण, जे आधीच लावलेलं होतं, ते पुन्हा चाचपलं. ही पेशी कोणती ते मला एकदमच कळलं.

"आप लैब में चाय बनाते हैं?"

"जी."

"क्लोरोफॉर्म के पास?"

"जी."

"और यह चाय आपने पी?"

काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "जी," ते म्हणाले.

मी किती वेळाने बोलले ते प्रामाणिकपणे सांगते. हे तीन प्रश्न होऊन गेले. तेवढ्यात माझं सहा महिन्यांचं गणित मांडून झालं, फेलोशिप कधी संपते, आईला काय सांगायचं, सगळं. मग मी म्हटलं, "मैडम, चाय मैंने पी थी. ये तो चाय पीते ही नहीं."

 मग श्रीवास्तव मॅडम हसल्या. मायेनं हसल्या, तेच वाईट. "बेटी, बैठ जाओ. बड़ों के लिए इतना आदर आजकल कौन रखता है. लेकिन झूठ नहीं बोलते. पीएच.डी. का बच्चा बीकर में बिस्कुट डुबोकर खाएगा?" दुबे सरही कौतुकाने म्हणाले, की मराठी लोकांमध्ये ही गोष्ट आहे, एकमेकांना धरून असतात. आणि भोपाळात राहून चहा न पिणारा माणूस त्यांनी तरी पाहिला नव्हता.

मी बसले. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. लाज मागाहून आली, पण आधी सुटल्यासारखंच वाटलं. पुन्हा उठून टेबलावर हात आपटता आला असता. बीकर कुठला, बिस्कीट कुठलं, झेरॉक्सवाल्याचा फोन नंबर, सगळं सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं.

एवढ्यात चौकसे समितीसाठी चहा घेऊन आले, बशीत बिस्किटांसकट. कप ठेवायला जागा करताना त्यांनी स्टँड सरकवलं आणि नळी पाहिली. एका नळीत पाणी तसंच धुकट होतं. दुसरीत दाणे झाले होते, तळाशी गाळ बसला होता. इतका स्वच्छ निकाल आम्हाला दोन वर्षांत आला नव्हता. चौकसे म्हणाले, "अरे! पोफळी साब की पेशी तो फट गई."

"फटनी ही थी," दुबे सर म्हणाले, आणि ते नि मॅडम खो खो हसले. नळीकडे त्यांतल्या कोणी मान वळवून पाहिलं नाही. मॅडमनी बिस्कीट चहात बुडवलं आणि निर्णय सांगितला. वय पाहता कारवाई मोठी नाही. पण प्रयोगशाळेत यापुढे नको. निवृत्तीपर्यंत तळमजल्यावर, भांडारात.

जिन्यात काका मला एवढंच म्हणाले, "तुला कोणी सांगितलं होतं तोंड उघडायला? तुझी नोंदणी गेली असती तर माह्या हातचे एवढे फ्लास्क पाण्यात गेले असते." मी रडायला लागले तर म्हणाले, "स्टँड सरळ धर. सांडशील."

विज्ञान दिन झाला. चहा आणि पेशीपटल हा प्रयोग गाईड मॅडमच्या नावाने मांडला गेला. मॅडम दिल्लीला होत्या, उभी मी होते. फ्लास्क मी फिरवलेला. आत ओघळ होते आणि गाळ काही धड झाला नाही. पाहुण्यांनी तरी टाळ्या वाजवल्या.

एप्रिलमध्ये फिल्टर पेपर आणायला मी भांडारात गेले. त्याआधी दोन महिने मी चौकसेंनाच पाठवत होते, हेही सांगून टाकते. खाली एकच खिडकी आहे, तीही पार्किंगकडे. काका टेबलाशी बसून चिठ्ठ्यांवर शिक्के मारत होते. मला पाहून त्यांना आनंद झाला. थर कसा बसतो आहे, नायट्रोजन किती सोडतेस, पाणी फार तापवत नाहीस ना, असं सगळं त्यांनी विचारलं. फिल्टर पेपर काढून दिले. मग शिक्का पॅडवर ठेवला.

"स्वरदा, त्या दिवशी समितीपुढं मी खाली पाहून राहिलो होतो," ते म्हणाले. "मॅडमनी नळी पाहिली का वं?"

"पाहिली ना, काका."

"वाकून?"

"वाकून," मी म्हणाले. या वेळी तोंड उघडायला मला जराही वेळ लागला नाही.